सालदाराची नात युगांडात

गरिबी म्हणजे काय हे आपल्याला घरातूनच ठाऊक आहे, अशी युगांडाला जाण्यापूर्वी माझी समजूत होती, आणि तिला कारणही होते. माझे आजोबा रावेर तालुक्यातील एका केळी बागायतदाराकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारे शेतमजूर होते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला साल ठरायचे, पुढच्या आखाजीला हिशेब व्हायचा आणि वर्षभरात घेतलेली उचल वजा जाता हाती फारसे काही उरायचे नाही. आयुष्यभर त्यांनी केळीला पाणी दिले आणि घड वाहिले, पण केळीचे एक खोडही त्यांच्या मालकीचे नव्हते. अशा घरातून समाजकार्याचे शिक्षण घेऊन मी सहा महिन्यांसाठी युगांडातील मसाका परिसरातील एका छोट्या आरोग्य संस्थेत स्वयंसेवक म्हणून गेले. खानदेशातून असे काम करण्यासाठी बाहेर पडू पाहणाऱ्यांसाठी हा अनुभव लिहीत आहे.

तयारीविषयी थोडक्यात सांगते. पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि ती प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. तिचे प्रमाणपत्र युगांडात शिरताना दाखवावे लागते आणि भारतात परततानाही. ते नसेल तर इथे ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. हिवताप तिथे बाराही महिने असतो, म्हणून प्रतिबंधक गोळ्यांविषयी डॉक्टरांशी आधीच बोलावे. संस्था तुमच्याकडून शुल्क मागत असेल, तर त्यातले किती पैसे प्रत्यक्ष गावात खर्च होतात हे लेखी विचारावे. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात शुल्क तर नसतेच, उलट निर्वाहभत्ता मिळतो.

मसाक्यात पाहावे तिकडे केळी होती. आपल्यासारखी पिकवून विकण्याची नव्हे, तर कच्ची सोलून, पानांत गुंडाळून वाफवायची; या मटोकेवर तिथली घरे दोन्ही वेळा जेवतात. मी ज्या घरी राहत होते, त्यांच्याकडे केळी आणि कॉफीचा लहानसा ‘किबांजा’, म्हणजे कसण्यापुरता जमिनीचा तुकडा होता. ब्रिटिशांशी झालेल्या १९०० च्या करारानंतर त्या भागातील बरीच जमीन मोठ्या मालकांच्या नावे झाली, तरी ती कसणाऱ्या कुटुंबाचा किबांज्यावरील ताबा कायद्याने मानला जातो. त्या घरात पोटाला कमी नव्हते. शाळेचे सत्र सुरू होताना मात्र रोख रक्कम नसायची आणि मुले काही आठवडे घरीच राहायची. आमच्या घरी नेमके उलटे होते: उचल मिळायची, शाळाही चुकली नाही, पण पायाखाली स्वतःची जमीन नव्हती. दोन्ही घरांना गरीब म्हणून आपण मोकळे होतो, पण एका गरिबीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही, हे मला तिथे, त्यांच्या चुलीपाशी बसल्यावर समजले.

बाजारात मला ‘मुहिंदी’, म्हणजे भारतीय म्हणत. १९७२ मध्ये तेव्हाचा हुकूमशहा इदी अमीन याने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला लावले, पण भारतीय म्हणजे दुकानाचा मालक ही प्रतिमा अजून टिकून आहे. सालदाराच्या नातीकडे मालकीण म्हणून पाहिले जात होते, आणि विमानाचे तिकीट काढून आलेल्या माझ्याबाबत ते पूर्ण चूक आहे असेही मला म्हणता येईना.

कामातली माझी मोठी चूकही सांगायला हवी. बालकांच्या दंडाचा घेर मोजण्याचे काम मी पहिल्याच आठवड्यात हाती घेतले, कारण ती पट्टी मी धडगावच्या पाड्यांवर वापरली होती आणि ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी घेर म्हणजे तीव्र कुपोषण, हे मला पाठ होते. ते काम आधीपासून गावातलीच एक आरोग्यसेविका करत होती, तेही विनावेतन. महिन्याभरात आया माझ्या वाराची वाट पाहू लागल्या आणि तिच्याकडे जाईनाशा झाल्या. मी परतल्यावर त्यांनी कोणाकडे जायचे होते? त्यानंतर मी पट्टी तिच्या हाती दिली आणि शेजारी बसून नोंदवही लिहू लागले. जाण्यापूर्वी संस्थेला एवढे जरूर विचारा, की तुम्हाला देऊ केलेले काम आज कोण करत आहे.

एके दिवशी त्या घरातली मुलगी पिवळा जेरीकॅन डोक्यावर घेऊन येत होती. फाटका झगा, मागे लाल मातीची वाट. मी फोन काढून तिच्या आईला खुणेने विचारले. आईने मला थांबायला सांगितले आणि मुलीला कपडे बदलायला आत पाठवले. क्षणभर मी नाराज झाले, कारण मला छायाचित्र त्या फाटक्या झग्यातलेच हवे होते.

मी चौथीत असताना शहरातून काही मंडळी आमच्या वस्तीत दप्तरे वाटायला आली होती. आईने मला आखाजीचा नवा फ्रॉक घातला होता, आणि छायाचित्रासाठी त्यांनी मला घरी पाठवून रोजचा फ्रॉक घालून यायला सांगितले होते. आई त्या दिवशी दाराआड उभी राहिली ती बाहेर आलीच नाही.

मुलगी चर्चला जायचा झगा घालून, केस ओले करून बाहेर आली. जेरीकॅन दारातच ठेवलेला होता. मी तो बाजूला घेतला आणि तिच्या आईलाही शेजारी उभे राहायला बोलावले.