बाजाराचा कल कसा ओळखावा: भावात आधीच काय धरलंय ते आधी शोधा

बाजाराचा कल समजणं म्हणजे पुढच्या महिन्यात काय वर जाणार ते सांगणं, असा समज असेल तर तो आधी काढून टाका. ते कुणालाच सांगता येत नाही, आणि जो छातीठोकपणे सांगतो त्याच्यापासून लांब राहा. आपलं काम वेगळं आहे. आजच्या भावामागे लोकांनी कोणत्या अपेक्षा धरल्यात आणि त्यातल्या कोणत्या डळमळायला लागल्यात, एवढं ओळखायचं. हे सरावाने जमतं. शेअर, रोखे आणि निर्देशांक म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे असं धरूनच पुढे जाते.

पायरी 1. आठवड्यातली एक वेळ ठरवा आणि फक्त तेव्हाच आकडे बघा.

पायरी 2. शेअरच्या आधी व्याजदर बघा.

तीन आकडे पुरतात: मध्यवर्ती बँकेचा व्याजदर, दहा वर्षांच्या सरकारी रोख्यावरचा परतावा आणि महागाईचा दर. रोख्याचा भाव पडला की त्यावरचा परतावा वाढतो, हे उलटं नातं मनात पक्कं करा. अमेरिकेत ऑगस्ट 2020 मध्ये दहा वर्षांच्या रोख्यावर अर्ध्या टक्क्याच्या आसपास मिळत होतं. ऑक्टोबर 2023 मध्ये हाच आकडा 5 टक्क्यांना टेकला. सुरक्षित ठिकाणी 5 टक्के मिळत असतील, तर धोका पत्करणारा माणूस त्याहून बरंच जास्त मागणार. म्हणून ज्या कंपन्यांचा नफा लांबच्या भविष्यात आहे, त्यांच्या भावाला दरवाढीचा फटका सगळ्यात मोठा बसतो. 2022 मध्ये फेडरल रिझर्व्हने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, भराभर दर वाढवले आणि त्या एका वर्षात नॅस्डॅक कंपोझिट हा तंत्रज्ञान कंपन्यांचा भरणा असलेला निर्देशांक सुमारे 33 टक्के पडला.

एकाच खुणेवर मात्र विसंबू नका. दोन वर्षांच्या रोख्यावरचा परतावा दहा वर्षांच्या रोख्यापेक्षा जास्त झाला की मंदी येते, असं ठामपणे सांगितलं जातं. अमेरिकेत 2022 च्या जुलैपासून दोन वर्षांहून जास्त काळ अशीच स्थिती होती. 2024 संपेपर्यंत मंदी आली नाही, आणि 2023 व 2024 ही दोन्ही वर्षं शेअर बाजारासाठी भरघोस ठरली. केवळ ही एक खूण बघून जे बाहेर पडले, त्यांच्या हातून ही सगळी वाढ गेली.

पायरी 3. आलेख लांब पल्ल्याचा घ्या. कमीत कमी वीस वर्षांचा. जपानचा शेअर निर्देशांक निक्केई 1989 च्या अखेरीस 38,900 च्या वर पोचला होता. तो आकडा पुन्हा ओलांडायला फेब्रुवारी 2024 उजाडला. ‘थांबलं की भरून निघतंच’ हे वाक्य ऐकलं की मला हा आलेख आठवतो.

पायरी 4. भावात आधीच काय मोजलं गेलंय ते शोधा.

खरी अडचण इथे आहे. मी या पायरीवर दोन-तीन वर्षं अडकले होते, आणि बहुतेक सल्ले हिला बगल देऊनच निघतात.

माझी चूक साधी होती. एका कंपनीचे तिमाही निकाल आले, नफा जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने वाढला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेअर घेतले. महिन्याभरात भाव पाचव्या हिश्श्याने खाली आला. बाजार वेडा आहे असं म्हणून मी थांबले, आणि तीच चूक पुन्हा दोनदा केली. वेडेपणा बाजाराचा नव्हता. लोकांनी त्याहून मोठी वाढ गृहीत धरून आधीच जास्त भाव मोजला होता. मी निकालाचा आकडा वाचत होते. बाजार निकाल आणि अपेक्षा यांच्यातला फरक वाचत होता.

हीच गोष्ट व्याजदराची. फेडरल रिझर्व्हने 18 सप्टेंबर 2024 रोजी दर अर्ध्या टक्क्याने कमी केला. दर उतरला म्हणजे रोख्यांवरचा परतावाही उतरणार, असं समजून अनेकांनी लांब मुदतीचे रोखे घेतले. पण दहा वर्षांचा परतावा त्यानंतर 3.7 टक्क्यांच्या आसपासवरून वर्षअखेरीपर्यंत साडेचारच्या वर गेला. दरकपात आधीच भावात धरलेली होती, उलट अर्थव्यवस्था भीती होती त्यापेक्षा दणकट निघाली.

आता हे शोधायचं कसं? मी दोन गोष्टी करते.

पहिली, बातमी येण्याआधी अपेक्षा लिहून ठेवते. निकाल, महागाईचा आकडा, दराचा निर्णय, यांच्या तारखा आधीच जाहीर असतात आणि विश्लेषकांचे सरासरी अंदाजही छापून येतात. तो अंदाज वहीत लिहायचा, मग प्रत्यक्ष आकडा, मग भावाची हालचाल. चांगली बातमी येऊनही भाव हलत नसेल, तर अपेक्षा फार ताणल्या गेल्यात. वाईट बातमीवर भाव पडायचा थांबला, तर ती त्याहून मोलाची खूण आहे. पण एका दिवसाच्या हालचालीवरून काहीही ठरवू नका. तीन-चार बातम्यांत तोच प्रकार दिसला तरच त्याला कल म्हणा.

दुसरी, उलटं गणित. कंपनी चांगली आहे का, हा प्रश्न बाजूला ठेवा आणि आजचा भाव रास्त ठरायला काय काय खरं व्हावं लागेल ते विचारा. समजा शेअर त्याच्या वाट्याच्या वार्षिक नफ्याच्या 60 पट भावाला आहे, तुम्हाला दहा वर्षं दरसाल 10 टक्के हवेत, आणि दहा वर्षांनी लोक नफ्याच्या 20 पटच मोजतील. भाव 2.6 पट व्हायला हवा आणि पट तिसऱ्या हिश्श्यावर येणार, म्हणजे नफा जवळजवळ 7.8 पट व्हायला हवा. दरसाल सुमारे 23 टक्के, सलग दहा वर्षं. आता हे शक्य वाटतं का, ते तुम्ही ठरवा. या गणिताला लाभांश धरलेला नाही, पण इतक्या महाग शेअरला तो नगण्यच असतो.

हे गणित न केल्याने काय होतं ते सिस्को या इंटरनेटच्या जाळ्याची उपकरणं बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीत दिसतं. मार्च 2000 मध्ये ती काही काळ जगातली सर्वाधिक बाजारमूल्याची कंपनी होती. इंटरनेट वाढणार हा लोकांचा अंदाज बरोबर होता, आणि 2010 पर्यंत सिस्कोची विक्री दुपटीच्या पुढे गेलीही. तरी 2010 संपताना शेअर शिखराच्या साधारण चौथ्या हिश्श्यावर होता. अंदाज खरा ठरूनही पैसे बुडतात, कारण त्या अंदाजासाठी मोजलेला भाव फार असतो. आज कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल कुणी ‘हे तंत्रज्ञान जग बदलणार’ म्हणालं, तर मी लगेच मान्य करते आणि पुढे विचारते, त्यासाठी आजच किती मोजायचंय?

एक इशारा. ही पायरी कळल्यावर मी उलट्या टोकाला गेले. प्रत्येक बातमीला ‘हे भावात आलेलंच आहे’ म्हणायचं आणि विचार थांबवायचा. हेही तितकंच चुकीचं. नव्या विषाणूच्या बातम्या जानेवारी 2020 पासून येत होत्या, तरी एसअँडपी 500 ने, म्हणजे अमेरिकेतल्या पाचशे मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाने, 19 फेब्रुवारीला उच्चांक गाठला. नंतर 23 मार्चपर्यंत तो 34 टक्के कोसळला. म्हणजे बाजाराने ते मोजलंच नव्हतं. आणि 23 मार्चनंतर बातम्या आणखी भीषण होत गेल्या, तरी भाव चढत राहिले. अपेक्षा इतक्या खाली गेल्या होत्या की वाईट वास्तवही त्यांच्यापेक्षा बरं निघालं. म्हणून प्रत्येक वेळी नव्याने मोजा, गृहीत धरू नका.

पायरी 5. तेजी किती जणांची आहे ते बघा. 2023 मध्ये एसअँडपी 500 सुमारे 24 टक्के वाढला, पण प्रत्येक कंपनीला सारखं वजन देणारा त्याचाच भाऊ निर्देशांक त्याच्या निम्म्याच्या आसपास. मोजक्या बलाढ्य कंपन्या बाकीच्यांना ओढत होत्या. अशी तेजी लगेच मोडते असं नाही, पण आपला निर्देशांक फंड पाचशे कंपन्यांत सारखा विभागलेला आहे हा भ्रम तरी दूर होतो.

पायरी 6. वहीत एक पान लिहा. तारीख, पायरी 2 मधले तिन्ही आकडे, सगळे काय धरून चाललेत, मला वेगळं काय वाटतं, आणि मी चुकत असेन तर मला काय दिसेल. शेवटची ओळ टाळू नका. पुढच्या तीन वर्षांत लागणारे पैसे या पानाच्या भरवशावर हलवू नका. सहा महिन्यांनी पान उघडाल तेव्हा ती शेवटची ओळ आधी वाचा, आजचा भाव त्यानंतर बघा.