मलकपेटच्या रेसला जायचं असेल तर

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत एकही रेसकोर्स नाही, पण घोड्याची पारख असलेली माणसं गावोगाव आहेत. लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. तिथं घोड्याचे दात बघून वय सांगणारे, अंगावरचे भोवरे मोजणारे, रेवाल चाल दिसली की हातातला चहा विसरणारे लोक मी लहानपणापासून बघत आलो. आमचे मामा त्यातलेच. त्यांनीच मला पहिल्यांदा हैदराबादला मलकपेटच्या रेसकोर्सवर नेलं. आपला मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. मलकपेटची रेसही निजामाच्याच काळातली. सहावे निजाम महबूब अली खान यांनी १८८६ मध्ये ती हैदराबादच्याच मौला अली भागातून तिथं हलवली. त्यामुळं नांदेड-परभणीकडच्या जुन्या शौकिनांना पुण्या-मुंबईपेक्षा मलकपेट जवळचं वाटतं, आणि अंतरानंही ते जवळच आहे.

अलीकडं तरुण पोरं विचारतात, "दादा, रेस खेळायची कशी?" त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. रेस हे बघण्यासारखं आहे, कमावण्यासारखं नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या हे धरूनच लिहिल्या आहेत.

पहिली पायरी घरातच

रक्कम घरी ठरवा, आणि ती गेलीच असं समजून ठरवा. यात्रेतल्या तमाशाचं तिकीट काढल्यावर ते पैसे परत येतील अशी वाट कुणी बघत नाही, तसंच. ज्या पैशाला आधीच नाव लागलेलं आहे त्याला हात लावू नका. सोयाबीनची पट्टी, पोरीची फी, कृषी सेवा केंद्राची उधारी, भिशीचा हप्ता, ऊसतोडीची उचल, या सगळ्या पैशाला नाव आहे. हातउसने तर मुळीच नको.

ठरलेली रक्कम सुट्ट्या नोटांत वेगळ्या पाकिटात घाला. जाण्यायेण्याचं आणि जेवणाचं दुसऱ्या खिशात. एटीएम कार्ड घरी ठेवा आणि फोनमधल्या पैशाचं काय करायचं तेही घरूनच ठरवून निघा. किती घेऊन चाललोय हे घरच्या एका माणसाला आकड्यासकट सांगा. आकडा सांगताना जीभ अडखळली तर तो आकडा मोठा आहे. अठरा वर्षांखालच्या पोराला खेळायला नेऊ नका.

कुठं आणि कधी

पुण्याचा हंगाम पावसाळ्यात, मुंबईच्या महालक्ष्मीचा हिवाळ्यात. मलकपेटला पावसाळी आणि हिवाळी असे दोन हंगाम. रेस रोज नसते, तेव्हा क्लबचं वेळापत्रक बघूनच निघा. नांदेडहून रात्रीच्या गाडीनं सकाळी काचीगुडा गाठता येतं, तिथून मलकपेट हाकेच्या अंतरावर आहे.

रेसबुक वाचायला शिका

दारात मिळणारं रेसबुक हीच दिवसभराची पोथी. नवखा माणूस ते उघडतो, आकड्यांचं रान बघतो आणि मिटून ठेवतो. मग शेजारी उभा असलेला कुणीतरी कानात "पाच नंबर पक्का" म्हणतो आणि हा पाच नंबर घेतो. तसं करू नका. पहिल्या दिवशी एकच रेस निवडा आणि तिची एक-एक ओळ सावकाश वाचा.

घोड्याच्या नावापुढं त्याचा नंबर असतो. खोगिराखालच्या कापडावर असतो तोच हा, आणि खिडकीवर तोच सांगायचा. शेजारी आणखी एक आकडा असतो, ड्रॉचा, म्हणजे घोडा सुरुवातीच्या कितव्या फाटकातून सुटणार तो. या दोन आकड्यांत गफलत करून भलत्याच घोड्याचं तिकीट घेतलेले लोक मी पाहिले आहेत. तिकीट हातात आलं की खिडकी सोडायच्या आत वाचा.

मग वय, आईबाप, ट्रेनर, जॉकी, वजन. वजनात खरी गंमत आहे. बऱ्याच रेस हॅण्डिकॅप असतात, म्हणजे मागच्या कामगिरीवरून घोड्याला रेटिंग देतात आणि जास्त रेटिंगच्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन ठेवतात. जॉकी अंगानं हलका असेल तर खोगिराला शिसं लावून वजन भरून काढतात. हेतू हा, की सगळे घोडे शेवटी एका रांगेत यावेत. हे समजलं की मागच्या वेळी सहज जिंकलेला घोडा आज का दमतो ते कळतं. त्याच्या पाठीवर त्याच्याच विजयाचं ओझं असतं.

शेवटी मागच्या धावा बघा, म्हणजे कितवा आला, किती मीटरवर आणि किती लांबीनं हरला ते. एक लांबी म्हणजे घोड्याच्या अंगाएवढं अंतर. १००० मीटरला सुसाट पळणारा घोडा २००० मीटरला तसाच पळेल असं नाही. हजार मीटरचा घोडा म्हणजे शंभर मीटर पळणारा गडी आणि दोन हजारांचा म्हणजे पंढरीची वारी चालणारा. दोघंही दमदार, पण दम वेगवेगळा.

पॅडॉकजवळ उभे राहा

माझ्या मते रेसचं सगळं सुख इथं आहे, आणि त्याला एक पैसा लागत नाही. रेसच्या आधी घोडे एका गोल रिंगणात फिरवतात. मामा मला तिथं तासतासभर उभं करायचे. म्हणायचे, "बाबा, आधी घोडं बघ. भाव मागून बघ."

मी पाहिलेली एक तांबूस घोडी अजून आठवते. मान किंचित खाली, कान पुढं, मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशाच्याही पुढं पडत होता. मांडीवरचा स्नायू चालताना पाण्यासारखा हलायचा. तिच्यामागं एक काळा घोडा होता. त्याच्या मागच्या पायांच्या मधे पांढरा फेस साचलेला, मानेवर घाम, डोळ्यांची पांढरी कड दिसत होती आणि मोतद्दाराला तो ओढत होता. मामा म्हणाले, "ह्याची रेस इथंच पळून झाली." तो घोडा शेवटून दुसरा आला. घोडीही जिंकली नाही, चौथी आली. मी हे मुद्दाम सांगतो आहे. नजर तयार झाली की बघण्याचा आनंद दहापट होतो, पण खिसा भरेलच असं नाही. माळेगावात देवमण, म्हणजे शुभ मानलेला भोवरा, बघून घोडा घेणाऱ्यांना तर इथं सगळं नव्यानं शिकावं लागतं, कारण भोवऱ्यांचा आणि वेगाचा काही संबंध नाही.

तिकीट कोणतं घ्यावं

विन म्हणजे घोडा पहिलाच यायला हवा. प्लेस म्हणजे पहिल्या काहींत आला तरी चालेल. आठ किंवा जास्त घोडे पळत असतील तर सहसा पहिले तीन धरतात. क्विनेलात पहिले दोन कोणत्याही क्रमानं, फोरकास्टमध्ये नेमक्या क्रमानं, टनालात पहिले तीन क्रमानं. जॅकपॉटला पाच रेसचे पाचही विजेते सांगावे लागतात. नवख्यानं विन आणि प्लेसच्या पुढं जाऊ नये. जॅकपॉटचा मोठा आकडा फलकावर चमकतो, पण तो मोठा असतो तो बहुतेकांचा चुकतो म्हणूनच.

तुमचा घोडा ऐनवेळी मागं घेतला तर पैसे परत मिळतात. आणि निकाल अधिकृत जाहीर होईपर्यंत तिकीट फाडू नका. हरकत मान्य झाली तर क्रम बदलतो.

पैसा जातो कुठं

हा भाग दोनदा वाचा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

टोट म्हणजे क्लबच्या खिडकीवर लावायची पैज. तिच्यात सगळ्यांचे पैसे एका कुंडात जमतात. उदाहरणासाठी धरा, एका रेसला १,००,००० रुपये जमले आणि त्यातून २० टक्के कापले. उरले ८०,०००. चार नंबरवर लोकांनी ४०,००० लावले असतील आणि तो जिंकला, तर रुपयाला दोन रुपये मिळतील. त्याच्यावर ५,००० च असतील तर रुपयाला सोळा. म्हणजे तुमचा सामना घोड्याशी नसून शेजारी उभ्या असलेल्या हजार माणसांशी आहे, आणि वाटणी व्हायच्या आधीच कुंडातली एक घागर कुणीतरी उचलून नेलेली असते. आता १,००० रुपये घेऊन बसा आणि जे हाती येईल ते पुढच्या रेसला लावत राहा. २० टक्के कापणीच्या हिशोबानं आठ रेसनंतर सरासरीनं हातात १६८ रुपये उरतात. कुणाचे पाच हजार होतील, पण बहुतेकांचं पाकीट रिकामं होईल.

बुकी म्हणजे स्वतः भाव लावून पैज घेणारा. त्याचं गणित वेगळं दिसतं, पण आतून तसंच. भाव ६/४ म्हणजे चार लावले तर सहा जिंकतात, म्हणजे त्या भावात घोड्याची शक्यता ४० टक्के धरलेली आहे. सहा घोड्यांचे भाव ६/४, ३/१, ४/१, ५/१, ९/१, ९/१ असतील तर शक्यता होतात ४०, २५, २०, १६.६७, १० आणि १०. बेरीज करा, १२१ च्या वर जाते. खरी बेरीज शंभरच असायला हवी. वरचा भाग बुकीचा. फलकासमोर उभं राहून ही बेरीज एकदा स्वतःच्या हातानं करा. मी ती केली त्या दिवसापासून माझा हात आखडला.

याच्यावर करही लागतो. सप्टेंबर २०२५ पासून घोड्यांच्या पैजेवर ४० टक्के जीएसटी आहे, तोही पैजेच्या पूर्ण रकमेवर. त्याआधी २८ होता. जिंकलेल्या पैशावर सरळ ३० टक्के आयकर आणि वर उपकर. एका वेळी १०,००० च्या वर जिंकलात तर कर कापूनच पैसे हातात येतात. आणि हरलेले पैसे जिंकलेल्यातून वजा होत नाहीत. वर्षात १५ हजार जिंकले आणि १८ हजार हरले, तरी कर १५ हजारांवर.

कुणीतरी सांगेल, सुप्रीम कोर्टानंच म्हटलंय रेस हा कौशल्याचा खेळ आहे. खरं आहे, १९९६ सालचा निकाल आहे. पण त्यानं एवढंच ठरलं की रेसकोर्सवर परवान्यानं चाललेली पैज कायद्याच्या भाषेत जुगार धरायची नाही. वरची बेरीज त्यानं बदलत नाही.

फोनवरचा आयडी घेऊ नका

गावागावात आता कुणीतरी आयडी देतो. हजार-दोन हजार भरा, फोनवरच खेळा, मुंबई, बंगळुरू, परदेशातली रेससुद्धा. यात पॅडॉक नाही, घोडा नाही, दोन रेसमधला अर्ध्या तासाचा श्वास नाही. उधारीवर खेळवतात, आणि वसुलीला येणारा माणूस तालुक्यातलाच असतो. हे बेकायदा आहे. जिंकलात तरी पैसे मागायला कुठं दाद नाही, हरलात तर सावकार बरा वाटावा अशी गत होते. २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आहे, पण आयडी देणारा कायदा वाचून धंदा करत नाही. त्याचा नंबर ब्लॉक करा.

थांबायचं कधी

ठरवलेली रक्कम संपली की रेस बघा, खेळू नका. हे लिहायला सोपं आहे. मला जमलं नव्हतं, तेही सांगतो.

एका वर्षी मी सोयाबीन घालून परस्पर हैदराबादला गेलो. खिशात २२ हजार होते, रबर लावलेले, आडतीच्या पावतीत गुंडाळलेले. त्यातले दोन हजार खेळायचं ठरलं होतं. चौथ्या रेसपर्यंत ते गेले. मग वाटलं, तेवढे भरून काढू आणि बंद करू. रबर काढला. सहाव्या रेसनंतर मोजले तेव्हा आठ हजार उरले होते. मला आठवतं, त्यानंतरच्या रेसमध्ये मी घोडा बघितलाच नाही, नुसता फलक बघत होतो. घरी सांगितलं, आडत्यानं अजून पैसे दिले नाहीत. चार दिवसांनी बायकोनं शर्ट धुवायला काढला तर खिशात पावती. ती काही बोलली नाही. पावती वाळवून देवघरात ठेवली, अजून तिथंच आहे. खतवाल्याचे पैसे फेडायला पुढचा उन्हाळा लागला.

म्हणून खुणा लिहून ठेवतो. गेलेलं भरून काढायला खेळावंसं वाटलं, घरी आकडा लपवला, ठरल्यापेक्षा जास्त लावला, उसने घेतले किंवा घोडा बघणंच सुटलं. यातली एक जरी दिसली तरी त्या दिवशी बाहेर पडा. दोन दिसल्या तर तो हंगाम सोडा. आणि सोडता येत नसेल तर तो आजार आहे. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी २०१३ च्या वर्गीकरणात जुगाराची लत दारूसारख्या व्यसनांच्या गटात घातली, आणि तिच्यावर उपचार आहेत. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. घरातल्या माणसानंही फोन केला तरी चालतो. कर्ज झालं असेल तर आधी सगळे आकडे एका कागदावर मांडा आणि घरच्यांना दाखवा. नवं कर्ज काढून जुनं फेडू नका, आणि तो कागद होईपर्यंत पैशाचा व्यवहार दुसऱ्या कुणाच्या हाती द्या.

मी अजून वर्षातून एकदा मलकपेटला जातो. पाकिटात पाचशे रुपये असतात. एक वही असते, तिच्यात डाव्या बाजूला घोड्याचं नाव आणि पॅडॉकमध्ये काय दिसलं ते, उजव्या बाजूला लावलेले आणि आलेले पैसे. घरी आल्यावर वही देवघरात त्या पावतीशेजारी जाते, आणि बायको ती उघडून बघते.