गेमचा स्कोअर वाढतोय, हात मात्र तिथेच: या चुका टाळा

पक्षाघातानंतर हातासाठी व्हिडिओ गेम खेळवताना एकच दृश्य मी वर्षानुवर्षं बघतेय. पेशंट टीव्हीकडे बघतोय, घरचे टीव्हीकडे बघताहेत आणि थेरपिस्टही टीव्हीकडेच बघतोय. हाताकडे कुणाचंच लक्ष नाही.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. निवृत्त शिक्षक असलेले एक काका माझ्याकडे यायचे. उजवी बाजू कमजोर झालेली, खांदा थोडा उचलायचा, कोपर पूर्ण सरळ होत नव्हतं. कॅमेऱ्यासमोर बसून हाताने फुगे फोडायचा गेम आम्ही लावला. तीन आठवड्यांत स्कोअर दुपटीच्या वर गेला. काकू रोजचा आकडा वहीत लिहायच्या, सगळे खूश. मग एका सकाळी मी टेबलावर हातभर अंतरावर रिकामा पेला ठेवला आणि म्हटलं, "काका, घ्या." काका कमरेतून पुढे वाकले, खांदा कानाला भिडला, कोपर मात्र पहिल्या दिवशी होतं तेवढंच वाकलेलं! तीन आठवडे त्यांनी धड झुकवण्याची तालीम केली होती आणि मी ती करू दिली होती.

त्या गेमला हात कुठे पोचला एवढंच कळत होतं. कोपर उघडून पोचला की सगळं अंग झोकून, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. हातात रिमोट धरून खेळायच्या गेममध्येही तेच. २००६ साली आलेल्या निन्टेन्डो वी या कन्सोलवर टेनिस खेळताना नुसता मनगटाचा झटका दिला तरी फटका लागतो. खांदा, कोपर जागचे हलायची गरजच नाही.

तेव्हापासून मी स्क्रीनकडे पाठ करून, पेशंटचा खांदा दिसेल अशी बसते. छातीवरून रुंद मऊ पट्टा घेऊन खुर्चीच्या पाठीला लावते. श्वासाला अडचण होणार नाही इतपत सैल, पण धड पुढे निघालं की जाणवेल असा. काकांना पट्टा लावला त्या दिवशी स्कोअर धाडकन आपटला. "मला बांधून ठेवता?" म्हणून ते चिडले. फुगे जवळ आणले, वेग कमी केला, रुसवा चालू दिला. चिडलेला पेशंट परवडतो, चुकीची सवय नाही परवडत.

खेळाच्या भरात नातेवाईक कमजोर हात धरून वर ओढतात. हे कधीही करू नका. खांद्याचे स्नायू ढिले पडलेले असतात, हाडाचा गोळा खोबणीतून खाली सरकलेला असू शकतो. एका हिसक्याने सुरू झालेलं दुखणं महिनोन् महिने छळतं. मदत करायचीच तर कोपराखाली तळहाताचा आधार द्या. खांदा दुखला की गेम बंद.

दुसरी चीड आणणारी गोष्ट म्हणजे गेम आणला म्हणून व्यायाम बंद करणं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत १४१ पेशंट होते. अर्ध्यांना नेहमीच्या थेरपीसोबत वी, अर्ध्यांना पत्ते, बिंगो, चेंडू असे साधे खेळ. दोन आठवड्यांत तासाभराची १० सत्रं. दोन्ही गट सुधारले, पण वीचा गट वरचढ ठरला नाही. बऱ्याच चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यातही गेमचा फायदा दिसला तो नेहमीच्या थेरपीत भर घातली तेव्हा. म्हणजे यंत्रात जादू नाही. गेममुळे पेशंट कंटाळा न करता हात जास्त वेळा हलवतो, कमाई ती. एका पाहणीत थेरपीच्या एका सत्रात हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी ३२ च भरल्या, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत शेकडो करून घेतात. म्हणून मी स्कोअर लिहीत नाही, कोपर किती वेळा नीट उघडलं ते लिहिते.

लेव्हल वाढवायची घाई नको. दहातले सात प्रयत्न जमेपर्यंत मी हलत नाही.

पकड नाही म्हणून रिमोट हाताला करकचून बांधू नका. फिट येऊन गेली असेल तर चकाकणाऱ्या गेमआधी डॉक्टरांना विचारा.

डावीकडचे फुगे सारखे सुटत असतील तर लगेच हाताला दोष देऊ नका. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झालेल्या काहींचं डावीकडे लक्षच जात नाही. मी डाव्या कडेला चमकदार रंगाची पट्टी चिकटवते आणि दर फेरीआधी ती शोधायला लावते.

आणि टीव्ही बंद झाला की हात मांडीवर ठेवून उठू नका. तीच हालचाल लगेच खऱ्या वस्तूवर करा, पट्ट्यासकट. काकांसमोर रोज शेवटी तोच पेला यायचा, आधी वीतभर अंतरावर, मग थोडा लांब. तो बरेच दिवस रिकामाच होता. नंतर काकू त्यात दोन घोट पाणी घालू लागल्या.