कोंबडा, पिसारा की कुरडू? बी धरण्याआधी सेलोशिया ओळखा

भाद्रपद-आश्विनात सेलोशिया, म्हणजे कोंबडा, पिसारा किंवा कणसासारख्या तुऱ्याचं फुलझाड, भर फुलोऱ्यावर असतं. पुढच्या हंगामासाठी घरचं बी धरायचं असेल, तर कोणतं झाड कोणत्या प्रकारचं हे आत्ताच ठरवून खोडाला रंगीत दोरा बांधा. तुरे वाळले की रंग उतरतो, आकार दबतो, आणि बी तर सगळ्यांचं सारखंच दिसतं: बारीक, काळं, चकचकीत.

रंगावरून प्रकार ठरवायला जाऊ नका. लाल, पिवळा, केशरी हे रंग कोंबड्यातही असतात आणि पिसाऱ्यातही. पाहायचा तो तुऱ्याचा आकार, आणि तोही झाडाच्या मुख्य शेंड्यावरचा. बाजूच्या फांद्या हमखास फसवतात. चांगल्या कोंबड्याच्या झाडावरही बगलेतून लहान, टोकदार तुरे निघतात. ते पाहून झाड मिसळीचं आहे असं समजून उपटू नका.

कोंबड्यात वाढीचा शेंडा एका बिंदूवर न राहता आडवा पसरत जातो, म्हणून तुरा चपटा होतो आणि वरची कड घड्याघड्यांची, मखमली दिसते. दुसऱ्या झाडांत असा चपटा शेंडा ही विकृती मानतात. इथे ती बियांतून पुढे उतरते आणि आपण तिलाच पैसे मोजतो. पिसारा प्रकारात तुरा मऊ, फांद्याफांद्यांचा, वर निमुळता होत जाणारा. तिसरा प्रकार कणसासारखा: सडपातळ, सरळ, बहुधा गुलाबी, आणि खालची फुलं जुनी होतील तशी रुपेरी पांढरी पडतात.

हा तिसरा प्रकार आणि शेतात तण म्हणून उगवणारा कुरडू यांत मात्र गोंधळ होणारच. दोन्ही सेलोशिया अर्जेंटिया याच जातीतले. बागेतल्या वाणाचं कणीस जरा भरगच्च, रंग जरा गडद, इतकाच काय तो फरक. रोप कुठून आलं हे माहीत नसेल, तर त्याचं बी धरू नये हे बरं.

राजगिरा आणि माठही याच कुळातले, त्यामुळे लाल तुऱ्याचा राजगिरा कोंबडा म्हणून खपून जातो. खात्री करायची असेल तर पिकलेलं एक बारीक फळ नखाने उघडा. दोन्हींचं फळ झाकणासारखं उघडतं, पण राजगिऱ्यात आत एकच बी असतं, सेलोशियात अनेक. गोल बोंडाची बटन फुलं ओळखायला त्याहून सोपी: त्यांची पानं खोडावर समोरासमोर येतात, सेलोशियाची एकाआड एक.

रोपं लहान असताना फुलाच्या रंगाचा अंदाज खोडावरून येतो. खोडावर आणि पानांच्या शिरांवर लाली असेल तर फूल बहुधा लाल किंवा जांभळट, खोड निव्वळ हिरवं असेल तर पिवळं किंवा फिकट. आकाराचा अंदाज मात्र रोपावरून येत नाही, तुरा धरेपर्यंत थांबावंच लागतं. आणि रोप पिशवीत फार दिवस अडकलं, मुळं कोंडली, की वेळेआधीच बोटभर तुरा येतो. त्यात दोष वाणाचा नसतो; अशा झाडाचं वर्गीकरण करत बसू नये.

कोंबडा आणि पिसारा शेजारी असतील तर कीटकांमुळे संकर होतो, आणि पुढच्या वर्षी ना धड कोंबडा ना धड पिसारा अशी झाडं निघतात. बियांसाठी ठेवलेल्या झाडांजवळचे नको ते तुरे लवकर कापून हार-तोरणांना वापरून टाका. परतीच्या पावसाचं पाणी कोंबड्याच्या घड्यांत साचून तुरा आतून कुजतो, म्हणून पाऊस थांबला की झाड हलवून पाणी झाडून घ्या. बी तुऱ्याच्या वरच्या मखमली कडेत शोधू नका. ते खालच्या बाजूला, देठाजवळ असतं. तुरा तपकिरी पडू लागला की कापून, कापडी पिशवीत उलटा टांगून सावलीत वाळवा.

सोयाबीन, तूर, कापसातला कुरडू मात्र शोभेचा म्हणून बांधावर राखू नका. त्याची कोवळी पानं पावसाळ्याच्या सुरुवातीला रानभाजी म्हणून खुशाल खा. नायजेरियात तर तो पालेभाजी म्हणून मुद्दाम लावतात. पण आता कणसं खालून पांढरी पडू लागली असतील तर बी गळायच्या आत उपटा, आणि बी भरलेली कुरडूची झाडं शेणखताच्या खड्ड्यात टाकू नका, नाहीतर तेच खत पुढच्या वर्षी कुरडू शेतभर पसरवेल.