उद्याची पहिली ओळ आजच लिहून ठेवा

सकाळी कामाला बसलं की पहिला अर्धा तास "काल कुठवर आलो होतो?" हे शोधण्यातच जातो. मग कंटाळून मेल उघडतो, आणि मेल उघडला की सकाळ गेलीच म्हणून समजा.

यावरचा उपाय आदल्या संध्याकाळी करायचा.

१. काम थांबवायच्या १० मिनिटं आधीचा गजर लावा.

२. हातातलं काम कुठे अडलंय आणि पुढची पहिली कृती कोणती, हे चिठ्ठीवर लिहा. "रिपोर्ट पूर्ण करणे" असं मोघम नको, सकाळी ते वाचून काहीच सुचत नाही. "तिसऱ्या तक्त्यातली मार्चची बेरीज जुळत नाही, मूळ फाइलशी ताडून बघ" असं लिहा. वाचल्याबरोबर हात चालू झाला पाहिजे.

३. डोक्यात घोळणारी बाकीची कामं चिठ्ठीच्या मागे. क्रम लावत बसू नका.

४. फाइल सेव्ह करा, बाकीचे टॅब बंद करा. चिठ्ठी थेट कीबोर्डवर ठेवा, म्हणजे ती उचलल्याशिवाय टाइपच करता येणार नाही.

सकाळी आधी चिठ्ठीवरचं काम, निदान २५ मिनिटं. मेल-मेसेज त्यानंतर. (तातडीचे निरोप येणारी नोकरी असेल तर नुसती नजर टाका, उत्तरं देत बसू नका.)

एक सांभाळा: चिठ्ठी लिहिताना "एवढं करूनच टाकतो" असा मोह हमखास होतो. मी दोनदा फसलो, १० मिनिटांचा तास झाला. गजर वाजल्यावर फक्त लिहायचं, काम करायचं नाही.