सोरायसिस आहे, मग कॅन्सरही होणार? या चुका टाळा

इंदूरच्या मराठी घरांत लग्नाची बोलणी निघाली, की आता पत्रिकेबरोबर आजारांचीही चौकशी होते. मुलीच्या कोपरावर सोरायसिसचा, म्हणजे त्वचेच्या जुनाट आजाराचा, चट्टा दिसला की रामबागेतली एखादी मावशी हळूच विचारते, "हे आनुवंशिक ना? मग पुढे कॅन्सर वगैरे?" प्रश्न वेडगळ नाही, पण भीती मात्र भलत्याच जागी आहे.

एकाच जनुकावर दोन आजारांचं खापर फोडणं

सोरायसिसशी सर्वांत घट्ट जोडलेलं जनुकाचं रूप म्हणजे एचएलए-सी*०६:०२. ते ६व्या गुणसूत्रावर असतं आणि त्याचं काम प्रतिकारशक्तीशी निगडित आहे. आयएल२३आर, टीवायके२ ही सोरायसिसशी जोडलेली इतर जनुकंही त्याच खात्यातली. स्तन आणि बीजकोशाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारे दोष असतात ते बीआरसीए१ आणि बीआरसीए२ मध्ये. ही जनुकं १७व्या आणि १३व्या गुणसूत्रांवर असून डीएनएची दुरुस्ती करतात. म्हणजे घरात सोरायसिस आहे यावरून बीआरसीएबद्दल काहीच कळत नाही.

सोरायसिस असलेल्यांत लिम्फोमा (लसिका पेशींचा कॅन्सर) आणि त्वचेचे काही कॅन्सर थोडे जास्त आढळतात, हे खरं. पण याच रुग्णांत सिगारेट, दारू आणि वाढलेलं वजनही जास्त असतं, शिवाय वर्षानुवर्षांची औषधं. हा गुंता सोडवायला संशोधक जनुकांचाच आधार घेतात, कारण जनुकं गर्भधारणेच्या वेळीच ठरतात, नंतरच्या सवयींनी बदलत नाहीत. अशा अभ्यासांत सोरायसिसची जनुकंच बहुतेक कॅन्सरांचं थेट कारण आहेत, असा पक्का पुरावा मिळालेला नाही.

घरबसल्या लाळ पाठवून जनुकांचा रिपोर्ट मागवणं

एचएलए-सी*०६:०२ असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर सोरायसिससुद्धा होत नाही, मग कॅन्सरचं भाकीत त्यावरून कसं करणार? त्या पैशांत त्वचारोगतज्ज्ञाच्या दोन-चार फेऱ्या होतील.

कोणता उपचार किती झाला, याची नोंद नसणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. त्वचा प्रकाशाला संवेदनशील करणारी सोरालेनची गोळी देऊन यूव्हीए म्हणजे अतिनील किरणं देतात, तो पुवा उपचार. अमेरिकेत १९७५-७६ मध्ये पुवा घेतलेल्या १,३८० रुग्णांवर पुढे अनेक वर्षं लक्ष ठेवलं गेलं, आणि जास्त सत्रं झालेल्यांत स्क्वेमस सेल प्रकारचा त्वचेचा कॅन्सर ठळकपणे वाढलेला दिसला. हे रुग्ण बहुतांशी गोरे होते, आपल्या सावळ्या त्वचेत तो धोका कमी असतो. तरी पुवा भरपूर झाल्यावर सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू करायचं असेल, तर डॉक्टरांना सत्रांचा आकडा हवाच. तो सांगणारा कागद नेमका फाइलमध्ये नसतो. असते ती दवा बाजारातून आणलेल्या गोळ्यांची बिलं.

आणि ती बिनलेबलची पुडी! १७८६ मध्ये थॉमस फाउलरने प्रसिद्ध केलेलं आर्सेनिकचं द्रावण पुढे सोरायसिसवरही सर्रास दिलं जाई. वर्षांनंतर त्या रुग्णांच्या तळहातांवर कडक खडे उठत, काहींना त्वचेचा कॅन्सर होई. म्हणून कुणी सांगितलेलं 'मुळापासून घालवणारं' भस्म घेण्याआधी त्यात काय आहे, हे लेखी मागा. मिळालं नाही, तर घेऊ नका.

प्रत्येक चट्ट्याला सोरायसिसच समजणं

मायकोसिस फंगॉइड्स हा त्वचेतला लिम्फोमा सुरुवातीला अगदी सोरायसिस किंवा इसबासारखा दिसतो. सोरायसिसला कोपर, गुडघे, टाळू आवडतात, नखांवर बारीक खळगे पडतात. हा मात्र बरेचदा नितंब, मांड्या, कंबर अशा झाकलेल्या जागी येतो. मेडिकलवाल्याने दिलेली क्लोबेटासोल या स्टिरॉइड मलमाची ट्यूब चोळली की तो फिका पडतो, ट्यूब संपली की परत येतो, आणि यातच वर्षं निघून जातात. एम.वाय. या सरकारी रुग्णालयाची ओपीडी असो की खासगी दवाखाना, अशा चट्ट्याची बायोप्सी, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासणी, करून घ्या. त्याआधी मलम किती दिवस बंद ठेवायचं, तेही विचारा, कारण मलमामुळे सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र पुसट होतं. एका बायोप्सीत काही निघालं नाही आणि चट्टे हटत नसतील, तर पुन्हा करावी लागते. प्रतिकारशक्तीवर काम करणारं बायोलॉजिक इंजेक्शन सुरू करण्याआधी तर शंका मिटायलाच हवी.

घराण्याचा इतिहास मोघम सांगणं

"आत्याला कॅन्सर होता" एवढ्यावर डॉक्टरांना काही ठरवता येत नाही. कोणत्या अवयवाचा, कितव्या वर्षी, आईकडून की वडिलांकडून, हे विचारून ठेवा. पन्नाशीच्या आत स्तनाचा किंवा कोणत्याही वयात बीजकोशाचा असेल, तर जनुकतज्ज्ञाचा सल्ला घ्या, घरात सोरायसिस असो वा नसो.

आणि हो, जनुकांची काळजी करताना गालात गुटखा असेल, तर आधी तो थुंका.