बोट कापायच्या आधी पायाचं प्रेशर मोजून घ्या

आमच्या सीमाभागात ‘नस’ या एका शब्दानं लई घोळ घातलाय. मज्जातंतू म्हणजे पण नस, रक्तवाहिनी म्हणजे पण नस, मान अवघडली तरी नसच आखडलेली असतीय. कन्नडवाल्यांचं ‘नरा’ पण तसंच, कशालाही चालतंय. माझा मामा निपाणीजवळच्या खेड्यातला, उभा जन्म तंबाखूच्या वखारीत गेला, रोज दोन बंडल बिडी. चालताना पोटरीत गोळा यायला लागला तेव्हा सगळ्यांनी ठरवलं नस दबलीय, आणि मग आठ महिने कमरेचा पट्टा, तेल मालिश, विटेचा शेक. शेवटी पायाचं एक बोट काळं पडलं, तेव्हा एका ठिकाणी सांगितलं उद्या या, बोट काढूया. त्या पायात रक्त किती पोचतंय हे तोवर कुणीच मोजलं नव्हतं, दहा मिनटांचं काम होतं ते. म्हणून हे लिहितोय. मी डॉक्टर नाही, मामाबरोबर ओपीडीच्या बाकड्यावर बसून जे विचारलं आणि घरी येऊन वाचलं तेवढंच सांगतो.

पहिल्यांदा दुखणं कमरेचं की रक्ताचं याचा अंदाज घ्या. रक्त कमी पडत असेल तर ठराविक अंतर चाललं की पोटरी धरतीय, म्हणजे घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत ठीक, पुढं गोळा. मग नुसतं उभं राहिलं तरी दोन-चार मिनटात जातंय, परत तेवढंच चाललं की परत. कमरेच्या मणक्याचं असेल तर उभं राहून भागत नाही, बसावं लागतंय किंवा पुढं वाकावं लागतंय, आणि असा माणूस सायकल मात्र आरामात चालवतोय. मामा दर खेपेला त्याच लाईटच्या खांबाजवळ थांबायचा, आम्ही हसायचो, म्हणायचो मामाचा स्टॉप आला. तो खांब म्हणजेच रोगाचं लक्षण होतं हे नंतर कळलं.

मग पायाकडं नीट बघा, दोन्ही पाय शेजारी ठेवून. एक पाय गार लागतोय का, नडगीवरचे केस गेलेत का, कातडी चकचकीत झालीय का. माणसाला उताणं झोपवून पाय मिनिट-दोन मिनिट वर धरा. तळवा पांढराफटक पडला आणि खाली लोंबकळत सोडल्यावर लालभडक झाला तर गडबड आहे. नाडी पण बघता येतीय, एक पायाच्या वरच्या बाजूला अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या रेषेत मागं, दुसरी आतल्या घोट्याच्या मागं. वरची नाडी काही जणांना जन्मापासूनच लागत नाही, त्यामुळं तेवढ्यावरून घाबरू नका, पण दोन्ही लागत नसतील तर घरात बसू नका. आणि रात्री झोपेतून उठून पाय कॉटखाली सोडून बसणं, तसं केल्यावरच बरं वाटणं, हे लई पुढचं लक्षण आहे. मामा असं दोन महिने बसत होता आणि आम्हाला वाटायचं म्हाताऱ्याला झोप येत नाही.

तोवर काय करायचं नाही ते सांगतो कारण नुकसान इथंच होतंय. शेक नको, गरम पाण्यात पाय नको, शुगरवाल्याला चटका कळत पण नाही. कुरूप ब्लेडनं घरी तासायचं नाही. शिरा फुगल्यावर घालतात ते घट्ट स्टॉकिंग शेजाऱ्याचं बघून घालायचं नाही, ते अशुद्ध रक्त वर नेणाऱ्या शिरांच्या आजारासाठी असतंय, शुद्ध रक्त आणणारी धमनी बंद असताना घातलं तर उलट आणखी आवळतंय. शेतात अनवाणी तर अजिबात नाही, उसाच्या खोडक्यानं झालेली एवढीशी जखम अशा पायात महिनोन् महिने भरत नाही.

आता मोजायचं. दवाखान्यात गेल्यावर सरळ म्हणा, एबीआय करा. दंडाला बीपीचा पट्टा बांधतात तसाच घोट्याच्या वर बांधतात आणि जेली लावून छोट्या डॉपलरनं नाडीचा आवाज ऐकत प्रेशर घेतात. घोट्याचं प्रेशर भागिले दंडाचं. दंडात १४० आणि घोट्यात ७० आलं तर ०.५. साधारण १ ते १.४ म्हणजे ठीक, ०.९ च्या खाली म्हणजे धमनी अरुंद झालीय, ०.४ च्या खाली म्हणजे पाय धोक्यात. मोजायच्या आधी दहा मिनिट झोपून राहायचं, जिना चढून धापा टाकत गेला आणि लगेच मोजलं तर आकडा चुकतोय. एक मेख मात्र आहे, जुन्या शुगरवाल्यांच्या धमनीत कॅल्शियम साठून ती पाईपसारखी कडक होतीय, पट्ट्यानं दबतच नाही, मग आकडा १.४ च्या वर येतोय नाहीतर खोटाच नॉर्मल दिसतोय आणि सगळे खूश. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचं प्रेशर मोजायला सांगा, ते ३० च्या खाली असेल तर जखम भरायची आशा कमीच.

याच्यानंतर कलर डॉपलर, म्हणजे रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, आणि ऑपरेशनचा विचार असेल तर सीटी अँजिओ, म्हणजे डाय टोचून काढलेला धमन्यांचा फोटो. सीटीच्या आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघितलंय का ते विचारा, डाय किडनीवर जातोय, आणि मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी चालू असेल तर ते सांगा. रिपोर्टच्या कागदाबरोबर सीडी मागून घ्याच, दुसरा सर्जन कागद बघत नाही, पिक्चर बघतोय. आम्ही पहिल्यांदा सीडी घेतली नाही, परत खेप पडली.

बोट काळं पडलंय तर घाई कधी आणि थांबायचं कधी? काळं, सुकलेलं, खारकेसारखं असेल तर थोडा वेळ असतोय, आधी रक्त सुरू करायचं आणि मग बोट काढायचं, नाहीतर कापलेली जागाच भरत नाही आणि मग बोटावरनं चवडा, चवड्यावरनं गुडघा असं वर वर जातंय. पण पू, घाण वास, सूज, ताप असेल तर थांबायचं नाही, त्याच दिवशी पू काढावा लागतोय. आणि धडधाकट पाय एकदम गार, पांढरा पडला, बधिर झाला, हलेना, तर ती वेगळीच गोष्ट, गुठळी अडकलीय, साधारण सहा तासाच्या आत रक्त सुरू व्हायला पाहिजे. तेव्हा १०८ नाहीतर मिळेल ती गाडी, आणि आधी फोन करून विचारा की व्हॅस्क्युलर म्हणजे रक्तवाहिन्यांचा सर्जन आत्ता आहे का. निपाणीवाल्यांना कोल्हापूर जवळ पडतंय, खानापूरवाल्यांना बेळगाव, राज्य कुठलं हे तेव्हा बघायचं नाही. ती गुठळी काढायचा फुगेवाला कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, थॉमस फोगार्टी नावाच्या माणसानं शोधला, पहिला फुगा त्यानं सर्जनच्या ग्लोव्हचं बोट कापून केला होता म्हणे, १९६३ साली त्यावर पेपर आला आणि अजून जगभर तोच वापरतात.

आता मुद्दा उपचाराचा. नुसतं चालताना दुखत असेल, जखम नसेल, रात्री दुखत नसेल, तर पहिलं औषध चालणंच. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, परत चालायचं, असं मिळून ३०-४५ मिनिट, आठवड्यातून तीनदा तरी, आणि बारा आठवडे. जोडीला स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, रक्त पातळ ठेवायची गोळी, शुगर-बीपी. याच्यावर बऱ्याच जणांचं अंतर वाढतंय. लगेच स्टेंट टाकूया म्हणणाऱ्याला विचारा की आधी हे करून बघायला काय हरकत आहे.

जखम किंवा रात्रीचं दुखणं असेल तर मात्र दोन रस्ते. एक अँजिओप्लास्टी, म्हणजे आतून तारेनं जाऊन अरुंद झालेली धमनी रुंद करायची, आता ते फुग्यानं करतात. चार्ल्स डॉटरनं १६ जानेवारी १९६४ ला अमेरिकेत पोर्टलंडमध्ये ८२ वर्षांच्या बाईवर पहिल्यांदा केली, तिनं पाय कापायला चक्क नकार दिला होता. दुसरा बायपास, म्हणजे बंद जागा ओलांडून रक्ताला नवा रस्ता जोडायचा, पॅरिसच्या जॉं कुन्लॅंनं १९४८ ला पायाचीच शीर वापरून केलेला. यातलं चांगलं कुठलं यावर अलीकडं दोन मोठे अभ्यास झाले आणि दोन्ही उलटसुलट बोलतात, म्हणून डोकं शांत ठेवून वाचा. बेस्ट-सीएलआय, २०२२, एकूण १८३० पेशंट: ज्यांच्या पायात एकसलग चांगली शीर होती त्या गटात मोठं ॲम्प्युटेशन (म्हणजे घोट्याच्या वरनं पाय कापणं), परत मोठं ऑपरेशन किंवा मृत्यू यातलं काहीतरी बायपासवाल्यांत ४२.६ टक्क्यांना झालं, अँजिओप्लास्टीवाल्यांत ५७.४ टक्क्यांना. म्हणजे बायपास बरा. बासिल-२, २०२३, ३४५ पेशंट, गुडघ्याखालच्या धमन्या खराब असलेले: इथं मोठं ॲम्प्युटेशन किंवा मृत्यू बायपासवाल्यांत ६३ टक्के, अँजिओप्लास्टीवाल्यांत ५३. पेशंट वेगळे, ब्लॉकची जागा वेगळी, मोजलेली गोष्ट पण वेगळी. त्यामुळं कुणी व्हॉट्सॲपवर एकच अभ्यास पाठवून ‘हेच बेस्ट’ म्हणत असेल तर ऐकू नका.

यातनं सर्जनला विचारायचे प्रश्न मात्र मिळतात. ब्लॉक कुठं आहे, कमरेत, मांडीत की गुडघ्याखाली? माझी शीर डॉपलरनं मोजली का, कशी आहे? हार्ट बायपासला पायातलीच शीर काढली असेल तर ते आधीच सांगा, ती आता नाही तिथं. हृदय ऑपरेशन सोसेल का? आणि हे फेल गेलं तर पुढं काय? मामाची शीर चांगली निघाली, बायपास झाला, मग बोट काढलं आणि ती जागा दीड महिन्यात भरली. बोट गेलंच, पाय राहिला.

पैशाचं आणि कागदाचं. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत वर्षाला कुटुंबामागं पाच लाखापर्यंत, एपीएलला सरकार पॅकेजच्या ३० टक्केच देतंय. इमर्जन्सी सोडली तर सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतंय, ते आधी घ्या, ॲडमिट झाल्यावर पळापळ होतीय. महाराष्ट्रानं २०२३ ला सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले योजना जाहीर केलीय, त्यावरनं दोन्हीकडं राजकारण पण झालं, आपल्याला त्याच्याशी काय करायचंय, कोल्हापूरला जाणार असाल तर आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या दवाखान्यातल्या मदतनिसाला, फोन करून कागद कुठले लागतात विचारून मगच निघा. सही करायचा फॉर्म कन्नडमध्ये किंवा इंग्लिशमध्ये असतोय. मराठीत समजावून सांगा म्हणायला लाजू नका, आणि त्यात बोट, चवडा की गुडघ्याखाली, नक्की काय लिहिलंय ते बोट ठेवून विचारा.

बिडीचं बोलल्याशिवाय भागत नाही. आमचा अख्खा पट्टा तंबाखूवर उभा राहिलाय, निपाणीत बायांनी बिड्या वळून घरं चालवली, त्यामुळं कुणाला शिकवायला मला जीभ रेटत नाही. पण घरात पस्तिशीतल्या पोराच्या बोटांना जखमा होत असतील आणि तो ओढत असेल तर बर्जर डिसीजचा विचार झालाच पाहिजे, न्यूयॉर्कच्या लिओ बर्जरनं १९०८ ला सविस्तर लिहिलेला हा रोग. यात अगदी बारीक धमन्या बंद होतात, बायपास नेऊन जोडायला पुढं चांगली जागाच सापडत नाही बऱ्याचदा. पूर्ण सोडली तर रोग थांबतोय, दिवसाला दोन म्हणून ठेवल्या तर थांबत नाही. कमी करतो म्हणणं इथं चालत नाही.

ऑपरेशननंतर पहिल्या वर्षात डॉपलर दोन-तीनदा तरी करून घ्या, बायपासची शीर आतून अरुंद व्हायला लागली तर आधी कळतंय आणि फुग्यानं भागतंय, पूर्ण बंद पडल्यावर अवघड. गोळ्या बरं वाटलं म्हणून बंद करायच्या नाहीत. रोज रात्री बोटांच्या बेचक्यात बघायचं, मामाला वाकता येत नाही म्हणून मामीनं तळव्याखाली धरायला हातातला आरसा ठेवलाय कॉटजवळ. परवा गेलो तेव्हा मामा त्या खांबाच्या पुढं गिरणीपर्यंत चालत आला, दमला होता, पण पोटरी धरली नव्हती. पुढचं डॉपलर गणपती झाल्यावर आहे.